रेणूचं डोहाळेजेवण

आमच्या घरात गोष्टी वजनावर यायच्या. अब्बा नांदेडला धागे, बटणं आणि अस्तराचं कापड आणायला गेले की परतताना रद्दीच्या दुकानातून जुन्या मासिकांचा गठ्ठा सुतळीने बांधून आणायचे. वाचायला नव्हे, कापायला. उस्मान मास्टरांनी शिवलेला शर्ट अंगावर नीट बसतो असं अख्खं नायगाव म्हणायचं, त्यात या रद्दीचा मोठा वाटा होता, कारण अब्बा कापडाला कात्री लावण्याआधी कागदावर माप काढून घ्यायचे. वर्तमानपत्राचा कागद लगेच मऊ पडतो, मासिकाचा जरा ताठ राहतो आणि त्यावर खडूची रेघ छान उठते, असं त्यांचं मत. मराठी त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचं जे काही शिक्षण झालं ते उर्दूत. त्यामुळे आपण कुणाच्या लग्नावरून कात्री फिरवली आणि कुणाच्या खुनावरून, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. ते मला कळायचं. मी मराठी शाळेत जात होते, आणि दुकानाच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कागदी कॉलरी, बाह्या आणि पाठी उतरवून मी वाचत बसे. एका रहस्यकथेत इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून म्हणतो, खुनी याच खोलीत आहे आणि त्याचं नाव आहे, आणि तिथेच एका गिऱ्हाइकाची काख लागली. त्या दिवशी मी जेवले नाही. अब्बांना वाटलं पोट दुखतंय. अम्मीला खरं कारण कळलं तेव्हा तिने डोक्यावरचा पदर नीट करून फर्मान काढलं, "पहले पढ़ना, बाद में काटना. जी, सुन्या ना?" अब्बा तोंडात टाचण्या धरून होते, त्यांनी नुसती मान हलवली.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे अंगण, आणि मध्ये कापडाच्या नमुन्यांचे तुकडे जोडून केलेला एक पडदा. अंगणात लिंबाचं मोठं झाड होतं. दुपारची भांडी झाली की त्या झाडाखाली गल्लीतल्या बाया जमायच्या. अब्बांकडचं काज-बटणाचं आणि तुरपाईचं काम त्या घेऊन बसायच्या, कुणी आपलं घरचं निवडणं-टिपणं आणायची. आधी तिथे नुसत्या गप्पा चालत. गप्पा संपल्या की भांडणं, आणि भांडणं संपली की परत गप्पा. माझ्या हातात मासिक आल्यापासून हे सगळं बदललं. मी झाडाच्या बुंध्याला टेकून वाचायची, बाया सुईत दोरा ओवत ऐकायच्या. वाचणारीला काज माफ, असा नियम कौसाकाकूंनी केला. कौसाकाकू म्हणजे शेजारच्या, अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार, शेतात आणि गल्लीत सारख्याच जोरात वावरणाऱ्या. त्यांना अक्षर ओळखीचं नव्हतं, पण गोष्टीतलं माणूस त्या मला आधी ओळखायच्या. एखादा गोडबोल्या पाहुणा गोष्टीत शिरला की त्या दातांनी दोरा तोडत म्हणायच्या, "ह्याच्यावर ध्यान ठिव गं शम्मू. हे बेणं काय चांगलं न्हाई." आणि ते बेणं खरोखरच चांगलं निघायचं नाही.

आता लातूरच्या घरात माझी नात कानात ती पांढरी बोंडं घालून गोष्टी ऐकते. भाजी चिरता चिरता एकटीच हसते, मध्येच डोळे पुसते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घाबरले, पोरीला काय झालं म्हणून. मग कळलं, कुणीतरी तिच्या कानात कादंबरी वाचतंय. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही, उलट कौतुकच वाटलं. आम्ही तरी दुसरं काय करत होतो? फक्त आमच्याकडे एका पुस्तकाला बारा-पंधरा कान असायचे आणि प्रत्येक कानाला तोंड असायचं. एक पान वाचायला जितका वेळ लागे त्याच्या दुप्पट वेळ त्या पानावर वाद चाले. "आगं पर तिनं दार उघडलंच कशाला?" इथपासून सुरुवात व्हायची. मी मराठीत वाचायची, अम्मी दखनीत हळहळायची, देगलूरकडून आलेली एक सून तेलुगूत काहीतरी पुटपुटायची, आणि सगळ्यांचं सगळ्यांना समजायचं.

एकदा गठ्ठ्यात एका साप्ताहिकाचे लागोपाठचे अंक निघाले. त्यात एक कादंबरी क्रमशः चालू होती. तिला मोठं जड नाव होतं, पण आमच्या अंगणात तिला रेणूची गोष्ट म्हणत. रेणू पोरकी, शिकलेली, टायपिंग करणारी. तिला एका गिरणीवाल्याच्या मुलाने पसंत केलं, लग्न झालं, आणि सासूचा हिऱ्यांचा हार नाहीसा झाला. आळ आला रेणूवर. नवरा गप्प बसला. रेणू पोटुशी होती, तशीच नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर पडली आणि एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे राहू लागली. आमचे अंक तिथे संपले. अंगणात हाहाकार उडाला. पुढे काय झालं? हार कुणी नेला? पोरीच्या तोंडात दोन घास पडतात की नाही? शेवटी अम्मीने तिच्या खास मवाळ आवाजात अब्बांना सांगितलं की पुढचे अंक रद्दीत यायची वाट पाहिली तर रेणूचं लेकरू शाळेत जाईल. तेव्हापासून दर गुरुवारी नांदेडच्या बसने नवाकोरा अंक यायला लागला. उस्मान मास्टरांच्या घरात न कापण्यासाठी आलेला तो पहिला कागद. त्यावर खडू टेकवायचा नाही असा अम्मीचा हुकूम होता, आणि कुठवर वाचलं याची खूण म्हणून मी त्यात अब्बांची जुनी मापपट्टी ठेवायची.

अब्बा ऐकत नाहीत असं अब्बांचं म्हणणं होतं. पण गुरुवारी दुपारी पडद्यापलीकडची शिलाई मशीन ऐन रंगात आलेल्या जागी बंद पडायची. "काय झालं हो?" अम्मी विचारायची. "पट्टा निसटला," तिकडून उत्तर. रेणूवर जेवढी संकटं आली तेवढ्यांदा त्या मशीनचा पट्टा निसटला. आणि अब्बा एकटेच नव्हते. दुकानातल्या बाकड्यावर रामरावकाका वर्तमानपत्र उघडून बसलेले असायचे. रामरावकाका म्हणजे आमच्या मागच्या घरातले, गावाबाहेर शेती असलेले, उंचेपुरे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांच्या समोर पोरं गोट्या खेळायची थांबायची. रोज दुपारी ते अब्बांच्या दुकानात पेपर वाचायला येत. एरवी तासाभरात पेपर वाचून घडी घालून ठेवणारा माणूस गुरुवारी मात्र पहिल्या पानावर अडकून राहायचा. मी पाणी न्यायला आत-बाहेर करायची तेव्हा पाहायची, मथळा तोच.

या रामरावकाकांची एकुलती एक लेक इंदूआक्का. आई ती लहान असतानाच गेलेली. तिला देवणीला दिली होती. देवणीच्या बैलांचं नाव मोठं, आणि रामरावांनी जावई पाहण्याआधी त्याच्या दावणीचे बैल पाहिले असं कौसाकाकू म्हणायच्या. बैल खरोखर चांगले निघाले. जावई हात उचलायचा. दोनदा इंदूआक्का सांगत आली तेव्हा रामरावांनी समजूत घालून परत नेऊन सोडली. तिसऱ्यांदा ती कुणाला न सांगता, वाटेत बस बदलून, लोखंडी पेटी डोक्यावर घेऊन एकटी आली, आणि तेव्हा तिचं पोट दिसायला लागलं होतं. रामरावांनी दार उघडलं, पेटी आत घेतली, आणि त्यानंतर ते लेकीशी बोलले नाहीत. गल्लीत त्यांनी एवढंच सांगितलं की सासरचे न्यायला आले की पाठवून देणार, आणि तोवर माझ्या घरात तिचं ओटीबिटी काही होणार नाही. लोक काय म्हणतील, हा त्यांचा मोठा आजार होता.

इंदूआक्का मागच्या दाराने आमच्या अंगणात यायची. आल्या आल्या सुई मागायची, मान खाली घालून काज करत बसायची. काज मात्र इतके सुबक करायची की अब्बांनी कोटांचे काज तिच्यासाठी राखून ठेवले. पहिले काही गुरुवार ती हूं की चूं करत नव्हती. मग एकदा कौसाकाकू गिरणीवाल्याच्या दिवाणजीवर संशय घेऊन त्याच्या सात पिढ्या उद्धरत असताना इंदूआक्का एकदम म्हणाली, "दिवाणजी न्हाई काकू. सासूनंच लपवलाय हार." सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या. ती लाजली आणि हसली. तिचे गाल हसताना असे फुगतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ती आमच्यातली झाली. वाद घालायची, रागवायची, रेणूच्या नवऱ्याला तर तिने अशी नावं ठेवली की अम्मीने मला कान झाकायला सांगितलं. पण एका संध्याकाळी बाया उठून गेल्यावर ती अम्मीला म्हणाली, "चाची, मला परत जायचं न्हाई. पर बाबाला सांगू कसं? ते माझ्याकडं बघतच न्हाईत." अम्मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. देवणीहून दिवाळीच्या आत माणसं येणार असा निरोप आला होता.

आणि मग तो अंक आला. मी नेहमीसारखी मापपट्टी काढली, घसा साफ केला आणि पहिलंच वाक्य वाचलं, "तीन महिने लोटले."

"आँ?" कौसाकाकू म्हणाल्या. "परत वाच."

मी परत वाचलं. तीन महिने लोटले.

"कवा लोटले? गेल्या गुरुवारी तर ती त्या मास्तरणीच्या घरी गवारीच्या शेंगा मोडीत बसली होती की!"

मी समजावून सांगायचा प्रयत्न केला की गोष्टीत असं करतात, लेखकाला रोजचा रोज हिशेब द्यायचा नसतो. ते कुणालाही पटलं नाही. आमच्या अंगणात रेणूचे दिवस आमच्या दिवसांबरोबर चालले होते; या आठवड्यात तिला कोरड्या ओकाऱ्या, पुढच्या आठवड्यात चिंच खावीशी वाटते, असं सगळं बायांनी आपसांत ठरवून ठेवलं होतं. कौसाकाकूंनी बोटांवर मोजलं आणि आ वासला. "आगं बया, म्हंजे सातवा लागून गेला की पोरीचा! आन कुणी काहीच केलं न्हाई? ना चोर ओटी, ना डोहाळेजेवण. ती मास्तरीण म्हातारी, तिच्या काय ध्यानात राहतंय?"

"लेखक पुरुष माणूस आहे," कुणीतरी म्हणालं. "त्याला काय सुधरतंय त्यातलं."

सगळ्याजणी खरोखर चिडल्या होत्या. मी आजवर पुष्कळ वाचक पाहिले, एका शाळेचं ग्रंथालय अर्धं आयुष्य सांभाळलं, पण लेखकावर एवढा खरा राग मी पुन्हा कधी पाहिला नाही. तो त्याने रेणूवर आळ आणला म्हणून नव्हता, एका पोटुशा पोरीचा सण बुडवला म्हणून होता. अम्मी हातातला शर्ट बाजूला ठेवून म्हणाली, "उस बच्ची का कोई नइ तो क्या हुआ? अपन हैं ना. इधर करेंगे." आणि तिचं बोलणं संपता संपता सगळ्यांच्या माना एकीकडे वळल्या. कारण खाली मान घालून बसलेल्या इंदूआक्काची सुई थांबली होती, आणि तिचाही सातवा चालू होता, आणि हे प्रत्येकीच्या एकाच वेळी ध्यानात आलं. कोणी तिचं नाव घेतलं नाही. कौसाकाकूंनी मात्र दोरा तोडला आणि रोजच्या आवाजात, म्हणजे पडद्यापलीकडे व्यवस्थित ऐकू जाईल अशा आवाजात सांगून टाकलं, "ठरलं मग. येत्या गुरुवारी रेणूचं डोहाळेजेवण. आता तिला काय बसनं आणता येत न्हाई, तिच्या जागी बसायला कुणीतरी लागंल. इंदे, तू बसशील का गं?"

तिकडे मशीन बंद होती. पट्टा निसटला असावा.

तो आठवडा म्हणजे आमच्या घरात लग्न असल्यासारखा गेला. अब्बांच्या चिंध्यांच्या पेटीतून मी हिरव्या रंगाचा प्रत्येक तुकडा वेचून काढला आणि अम्मीने त्याची तोरणं शिवली. शाळेच्या गणवेशाचा हिरवा, कुणाच्या तरी ब्लाऊजचा हिरवा, एका पंचांच्या फेट्याचा हिरवा. लिंबाच्या फांदीला झोका बांधला, त्यावर गोधडी घातली. अम्मीने तिची लग्नातली हिरवी साडी पेटीतून काढून उन्हात टाकली तेव्हा तिला धूप आणि लवंगांचा वास येत होता. स्वयंपाकाची वाटणी आपोआप झाली. कौसाकाकूंकडून शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर आणि धपाटे. कुणाकडून लसणाची चटणी आणि घट्ट दही, कुणाकडून चिंचेचं सार. अम्मीची खिचडी आणि तिच्याबरोबर तिळाचा आंबट खट्टा, ज्याचं नाव काढलं की इंदूआक्काच्या तोंडाला पाणी सुटायचं. एरवी आमच्या गल्लीत कुणाच्या घरचं कुणी खायचं याचे न बोललेले नियम होते. चहा चाले, भात चालत नसे, असं काहीतरी. त्या दिवशी कौसाकाकूंनी खट्टा दोनदा मागून घेतला आणि वर म्हणाल्या, "रेणूला आवडला म्हणून घेतलाय."

गुरुवारी इंदूआक्का मागच्या दाराने आली ती घाबरतच. बायांनी तिला हिरवी साडी नेसवली, हिरवा चुडा भरला, डोक्यात आबोलीचे गजरे माळले. झोक्यावर बसवलं. कौसाकाकूंनी गाणी सुरू केली आणि जिथे जिथे पोटुशीचं नाव यायचं तिथे तिथे रेणूचं नाव घातलं. दोन वाट्या उपड्या घातल्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. इंदूआक्काने बर्फी उचलली आणि एकच हशा उठला. मी आजही डोळे मिटले की तो गोंगाट ऐकू शकते: बांगड्या, झोक्याच्या दोराची करकर, परातीवर पडणारे चमचे, आणि त्या सगळ्याच्या वर कौसाकाकूंचा आवाज. मी इतकी आनंदात होते की मला वाचायचं आहे हेच विसरले होते. तसाही त्या आठवड्याचा अंक आला नव्हता. नांदेडची बस कुठेतरी बंद पडली होती.

आणि पडद्यापलीकडे त्याच वेळी रामरावकाका कोटाच्या ट्रायलला उभे होते.

अब्बा नंतर शपथेवर सांगायचे की ट्रायलचा दिवस त्यांनी चुकून तो दिला. पण तीस-चाळीस वर्षांत अब्बांनी कुणाला चुकून दिवस दिल्याचं मला तरी माहीत नाही. कोट अजून कच्च्या टाक्यांवर होता. एक बाही अडकवलेली, दुसरी टाचण्यांनी धरलेली, पाठीवर खडूच्या रेघा. अशा अवस्थेत माणसाला हात वर करता येत नाही, खाली बसता येत नाही, आणि तिथून निघून तर मुळीच जाता येत नाही. आतला गोंगाट ऐकून रामरावकाका म्हणाले, "मास्टर, काय चालू हाय आत?"

मी तेव्हा पडद्यापाशी पाण्याची घागर भरत होते, म्हणून मला शब्द न् शब्द ऐकू आला.

"डोहाळेजेवण हाय जी," अब्बा टाचण्यांमधून म्हणाले.

"कुणाचं?"

"रेणूचं. ते हफ्त्याच्या अंकातली नइ का, ती."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. रामरावकाका समोरच्या आरशात बघत होते, आणि आरशात, फटीच्या रेषेत, त्यांना हिरव्या साडीचा एक कोपरा आणि हलणारा झोका दिसत असणार. "गोष्टीतल्या बाईचं असतंय का कुठं डोहाळेजेवण?" ते म्हणाले. आवाज रागावलेला नव्हता.

"कुणी केलं न्हाई म्हणून बायांनी काढलं," अब्बा म्हणाले. "हात जरा खाली धरा. टाका उसवेल."

आत कुणीतरी कुणाला तरी खूण केली असावी, कारण गाणं हळूहळू थांबलं. झोक्याची करकरही थांबली. इंदूआक्काच्या मांडीवर ओटीचे तांदूळ तसेच होते आणि ती दोराला घट्ट धरून बसली होती. अम्मीचा हात तिच्या खांद्यावर. सगळ्या बाया पडद्याकडे पाहत होत्या. मला भीती वाटली की आता रामरावकाका कोट फेकून आत येणार आणि इंदूआक्काला हाताला धरून नेणार.

"शम्मू, पोरी," त्यांनी हाक मारली. त्यांनी मला नावाने हाक मारल्याचं मला त्याआधी आठवत नाही. "त्या रेणूचं पुढं काय झालं? सासरचे आले का न्यायला?"

"न्हाई काका. अंकच आला न्हाई आज."

"येतील मग."

"काय म्हाईत."

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली, तिचा आवाज दूर जाईपर्यंत ऐकू येत राहिला. मग रामरावकाकांनी घसा खाकरला, आणि या खेपेला ते आरशाशी बोलले, पण आवाज पडद्याच्या या बाजूला पोचेल इतका मोठा होता.

"आले, तरी जाऊ नको म्हणावं तिला. म्हणावं, तुझा बाप हाय अजून."

रेणू पोरकी होती. पहिल्या भागातल्या पहिल्या ओळीत ते लिहिलेलं होतं, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकही माणूस असा नव्हता ज्याला ते माहीत नव्हतं. कौसाकाकूंनी, ज्यांनी लेखकाची एकही चूक कधी सोडली नाही, पदराचा बोळा तोंडात कोंबला. इंदूआक्का रडत होती की हसत होती ते सांगता येत नव्हतं, गाल मात्र तसेच फुगले होते. मग ती उठली. ओटीचे तांदूळ सांभाळत, हिरव्या साडीत, तिने पानातला शेंगदाण्याच्या पोळीचा तुकडा घेतला आणि पडदा बाजूला सारून दुकानात गेली. रामरावकाकांनी हात पुढे करायचा प्रयत्न केला. "नक्को जी, बाही उसवेल," अब्बा ओरडले. तेव्हा इंदूआक्काने तो तुकडा बापाच्या तोंडात घातला. हात बाजूला ताठ धरून, टाचण्या लावलेल्या अर्ध्या कोटात, ते लेकीच्या हातचा घास खात उभे राहिले आणि त्यांच्या मिश्यांवरून पाणी ओघळत होतं, ते त्यांना पुसता येईना. अब्बांनी आपल्या खांद्यावरच्या फडक्याने ते पुसलं, आणि त्यांचं स्वतःचं नाकही त्याच फडक्याला पुसलं. हे सांगताना मला आजही हसू येतं आणि आजही पुढचं वाक्य जरा थांबून लिहावं लागतं.

देवणीची माणसं दिवाळीच्या आत आली. रामरावकाकांनी त्यांना चहा पाजला, बैलांची खुशाली विचारली आणि बसस्टँडपर्यंत पोचवलं. इंदूआक्काला मुलगी झाली. तिचं नाव रेणुका ठेवलं. माहूरच्या देवीवरून ठेवलं असं रामरावकाका पाहुण्यांना सांगायचे, आणि गल्ली मान डोलवायची.

आमच्या रेणूच्या गोष्टीचा शेवटचा भाग त्या बाळंतपणाच्या थोडा आधी आला. मी वाचत गेले आणि माझा आवाज बारीक होत गेला. हार सापडला; सासूच्याच जुन्या पेटीत, अस्तराच्या आत. इंदूआक्काचं खरं निघालं. नवरा मोटार घेऊन आला. रेणूने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं, डोळ्यांतून अश्रू ओघळले, आणि मोटार बंगल्याच्या दिशेने निघून गेली. समाप्त.

मग कौसाकाकूंनी हातातलं काम खाली ठेवलं. "हार घावला म्हणून न्यायला आला. आन न घावता तर?" याचं उत्तर त्या पानावर नव्हतं. मी पान उलटून पाहिलं, मागे साबणाची जाहिरात होती.

तेवढ्यात पडदा सरकला आणि अब्बा अंगणात आले. बायांच्या बैठकीत ते कधीच येत नसत. त्यांनी माझ्या हातातून अंक घेतला, ते शेवटचं पान टाक्यावरून मोकळं केलं, तिथेच पाटावर पसरलं आणि कानामागचा खडू काढला. न कापायचा कागद होता तो. मी अम्मीकडे पाहिलं. तिने कात्री पुढे केली. अब्बांनी इंदूआक्काकडे बघून एवढंच विचारलं, "झबल्याला बंद ठेवू की बटन?" आणि ती म्हणाली, "बंद ठेवा चाचा." त्यांनी पान खालची कडा वर घेऊन उभं दुमडलं, खांदे काढले, बाह्या काढल्या, मग घडीवर खडूने अर्धगोल गळा आखला. कात्री फिरली आणि गळ्याचा तुकडा टपकन खाली पडला. मी तो उचलून पाहिला. 'समाप्त' हा शब्द त्यात होता.

ते कागदी माप पुढे कित्येक वर्षं दुकानातल्या खिळ्याला टांगलेलं होतं. रेणुकाचं पहिलं झबलं त्यावर बेतलं, आणि नंतर गल्लीत जी जी लेकरं जन्मली त्या सगळ्यांची, कौसाकाकूंच्या नातवंडांची, माझ्या मुलांचीसुद्धा. पाठीवर रेणूची मोटार होती, ती बंगल्याच्या दिशेने निघाली होती, आणि तिथून पुढे गळा होता.